जुनी नोंद आणि चुकीची नोंद : एआय एजंटांच्या स्मृतिसफाईचे परीक्षण

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात अलीकडे जे ‘एजंट’ निर्माण झाले आहेत, ते एका प्रश्नाचे उत्तर देऊन थांबत नाहीत. मालकाची कामे दिवसेंदिवस चालवितात आणि त्यासाठी मागील व्यवहाराच्या नोंदी बाळगतात. या नोंदी वाढत जातात, परस्परविरोधी होतात. आणि भाषा-प्रारूपापुढे एका वेळी ठेवता येणारा मजकूर तर मर्यादित असतो. म्हणून ठराविक काळाने त्यांची सफाई करण्याचा परिपाठ पडू लागला आहे. सफाईची आवश्यकता प्रस्तुत लेखकास अमान्य नाही. आक्षेप आहे तो तिच्या निकषावर.

हा निकष पुष्कळदा नोंदीच्या वयाचा असतो. २०२३ साली स्टॅनफर्ड येथील पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका काल्पनिक गावात पंचवीस पात्रे संगणकावर वावरविली. प्रत्येक पात्राच्या आठवणीस ताजेपणा, महत्त्व आणि प्रस्तुतता यांचे गुण दिले जात. ताजेपणाचा गुण शेवटच्या वाचनापासून दर तासाला ०.९९५ पटीने घटे. हिशेब केल्यास एक हजार तासांत, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांत, तो एक शतांशाहूनही खाली जातो. न्यायासाठी सांगितले पाहिजे की त्या प्रयोगात आठवण पुसली जात नव्हती, केवळ मागे पडत होती. त्याच वर्षीच्या ‘मेमरीबँक’ या रचनेत मात्र एबिंगहाउसच्या १८८५ च्या विस्मरणवक्राचा आधार घेऊन आठवणी क्षीण होऊ दिल्या आहेत. निरर्थक अक्षरे पाठ करून काढलेला हा वक्र माणूस कसा विसरतो ते सांगतो. त्याने काय विसरावे याविषयी तो मूक आहे.

आता गोसीखुर्दकडे वळू. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज मंजूर झाले ते २०१३ साली. मध्ये पाव शतक गेले. बुडीत क्षेत्रातील एखाद्या कुटुंबाची कागदपत्रे असा एजंट सांभाळीत आहे, असे समजू. त्याच्याजवळ दोन नोंदी आहेत : एक जुन्या गावातील शेताची, दुसरी नव्या गावठाणातील घराची. पहिली वर्षानुवर्षे कोणी वाचलेली नाही. गाव पाण्याखाली आहे. वयाचा निकष लावणारा सफाईकार ती निःशंकपणे काढून टाकील. परंतु मोबदल्याचा निवाडा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि त्यावर मुलास मिळू शकणारी नोकरीतील सवलत या सर्वांचे मूळ त्या बुडालेल्या शेतातच आहे. ती नोंद आज लागू नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

दुसरी सफाई द्विरुक्तीची. एकाच धरणास मराठीत गोसीखुर्द आणि गोसेखुर्द अशी दोन्ही नावे चालतात. ती एक करणे योग्यच. पण प्रकल्पाचे अधिकृत नाव इंदिरा सागर, आणि त्याच नावाचे दुसरे धरण मध्य प्रदेशात नर्मदेवर आहे. खुर्द आणि बुद्रुक यांतही शब्दाचाच फरक, गावे मात्र दोन. शब्दसादृश्यावर विसंबणारी सफाई येथे हमखास फसेल.

या प्रश्नाचा विचार आपल्या महसुली दप्तराने फार पूर्वी केला आहे, आणि तो संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहण्यासारखा आहे. सातबारावर खातेदार बदलला की जुन्या नावास कंस होतो, ते खरवडले जात नाही. नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येतो आणि बदलाचे कारण गाव नमुना सहामध्ये सापडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांस नोटीस जाते. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. हस्तलिखिताच्या काळी तर फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबारावर पेन्सिलने लिहिण्याची रीत होती. संशयित आणि निश्चित यांतील भेद कागदावर डोळ्यांना दिसावा, याहून सोपी युक्ती कोणती? एजंटांच्या स्मृतीत अशी पेन्सिल क्वचितच आढळते.

दप्तराचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. सातबाऱ्याच्या पुनर्लेखनात नावे गळाली, क्षेत्रे चुकली. संगणकीकरणानंतर २०१७ मध्ये चावडीवाचन करावे लागले ते यामुळेच. एजंट जेव्हा शंभर नोंदींचा सारांश करून मूळ नोंदी टाकून देतो, तेव्हा तो हेच पुनर्लेखन करीत असतो. फरक इतकाच की त्याची चावडी नसते. सफाईपूर्वी काय काढले जाणार, ते मालकास वाचून दाखविणे मुळीच अवघड नाही.

येथे एक सबळ आक्षेप संभवतो. कंस करून सर्व काही राखावयाचे, तर विसरले जाण्याच्या हक्काचे काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीस आपली माहिती पुसून घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि तेथे कंस पुरेसा नाही. नोंद खरोखरच गेली पाहिजे. हे मान्य. मात्र ती मालकाच्या मागणीने गेली पाहिजे, यंत्राच्या सोयीने नव्हे. अडचण उरते ती सामाईक खात्याची. बुडालेल्या शेतावर तिघा भावांची नावे आहेत. एकजण म्हणतो पुसा, दुसऱ्याचा दाखला अजून निघावयाचा आहे, तिसरा नागपुरास असतो आणि त्यास कोणी विचारलेलेच नाही. महसूल कायद्यात तिघांसही नोटीस निघाली असती. एजंटाची स्मृती मात्र ज्याच्या हातात फोन, त्याचीच असते.