बाळू पालवणकर: प्रश्न कप्तानीचा

भिवंडीत यंत्रमागावरच्या कामगाराला मीटरवर मजुरी मिळते. कापड किती उतरले, एवढेच मालक विचारतो. इथल्या एका अभ्यासवर्गात मुलांना क्रिकेटपटू बाळू पालवणकरांविषयी सांगताना हा हिशेब मला सारखा आठवत होता.

बाळूंवर जे लिहिले जाते ते बहुधा मातीच्या पेल्यापाशी थांबते. पुण्याच्या हिंदू क्लबात चर्मकार समाजातल्या या खेळाडूला चहा बाहेर, वेगळ्या पेल्यात दिला जाई. वाचक हळहळतो आणि तेवढ्यावर मोकळा होतो. माझा आक्षेप या हळहळीला आहे. पेल्याची गोष्ट खरी आहे. पण ती सोयीचीही आहे. तिच्यात शिवाशीव दिसते, सत्ता दिसत नाही.

सत्ता पाहायची तर मैदानात यावे लागेल. पुण्याच्या युरोपियन क्लबात बाळू खेळपट्टी राखत, साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकत. साहेबांनी त्यांच्या हाती बॅट दिली नाही. गोलंदाजी म्हणजे घाम, तो चाकराने गाळायचा! हिंदूंनीही तोच न्याय लावला. गोऱ्यांना हरवण्यासाठी बाळूंचा डावा हात त्यांना चालला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० च्या वादात विठ्ठल आणि शिवराम हे धाकटे भाऊ संघाबाहेर राहिले, तेव्हा कुठे तडजोड म्हणून बाळूंना उपकप्तान केले गेले. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले. त्यामागे विनवणी नव्हती, नकार होता.

अमेरिकेतही हेच. जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू १९४७ साली गोऱ्यांच्या बेसबॉलमध्ये शिरला. पण तिथल्या मोठ्या संघाची सूत्रे काळ्या माणसाच्या हाती यायला १९७५ उजाडले. रॉबिन्सन १९७२ सालीच वारला होता.

हिशेब आपल्या बाजूचाही द्यायला हवा. १९३७ च्या निवडणुकीत बाळू मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. म्हणून आपल्यातलेही काहीजण त्यांचे नाव टाळतात. ते राजकारण चुकले, असे स्वच्छ म्हणावे. पण चूक दाखवायला माणूस आधी आपल्या इतिहासात असावा लागतो.

शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे: बाळूंविषयी शिकवाल तेव्हा पेल्यापाशी थांबू नका. नाणेफेकीला कोण गेला, ते मुलांना विचारा.