बाहुलीचे वजन

प्रौढांसाठीच्या सहचरी बाहुल्यांचा विषय आपल्याकडे निघाला की एक तर कोणी हसते, नाही तर कोणी संतापते. हसणारा आणि संतापणारा दोघेही एकाच ठिकाणी पाहत असतात: बाहुलीचा चेहरा, तिच्या देहाची ठेवण, ती किती खरी दिसते. कायदाही तिथेच पाहतो. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम २९२ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ अश्लील वस्तूंची विक्री गुन्हा ठरवते. १९६४ ची सीमाशुल्क अधिसूचना त्यांची आयात अडवते. मुंबई उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये एकदा अंग रगडण्याची यंत्रे आणि पुढे काही महिन्यांनी सूझा आणि अकबर पदमसी यांची चित्रे याच अधिसूचनेमुळे आली. दोन्ही वेळा सीमाशुल्क खात्याला माघार घ्यावी लागली. मात्र वाद होता तो वस्तू पाहून मनात काय येते याचा. समीक्षाही बाहुलीच्या गोष्टींकडे असेच पाहत आली आहे. पुरुषी नजर, प्रतिमा, आभास हे तिचे शब्द. ते चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. पण बाहुली नुसती पाहायची वस्तू नव्हे, ती उचलावी लागते. या विषयावरच्या कलाकृती वजनाच्या बाजूने वाचल्या तर त्यांची प्रतवारी बदलते, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती. पूर्ण उंचीची, म्हणजे १६० सेंटिमीटरच्या आसपासची बाहुली साधारण ३० ते ४० किलो भरते. आत धातूचा सांगाडा, वर सिलिकॉन किंवा रबरासारखे मऊ प्लास्टिक. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, तरी ते उचलणे सोपे. त्याला धरायला कोपरे असतात आणि ते मधूनच वाकत नाही. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले माणूस उचलले आहे त्यांना फरक लगेच कळेल. आजारी माणूस कितीही अशक्त असले तरी थोडी मदत करते. गळ्यात हात टाकते, श्वास रोखून धरते, पाय टेकायला बघते. बाहुली काहीच करत नाही. तिची मान मागे पडते, हात लोंबतात, उचलणाऱ्याच्या कमरेवर सगळा भार येतो. तिला फरपटत नेता येत नाही, कातडे फाटते. एकाच जागी फार वेळ बसवून ठेवता येत नाही, टेकलेल्या जागी खळगे पडतात. म्हणून काही जण तिला मानेतल्या खिळ्याने आकड्याला टांगून ठेवतात. आंघोळ घालायची, पुसायची, पावडर लावायची, कूस बदलायची. वर्णन वाचताना हे शय्यागताच्या शुश्रूषेचे वेळापत्रक वाटावे.

त्यामुळे बाहुली निवडताना चेहऱ्याच्या खालोखाल, आणि एकटा राहणारा व वय झालेला माणूस असेल तर चेहऱ्याच्याही आधी, वजनाचा विचार करावा लागतो. इथे भूमितीचा एक साधा नियम आड येतो. अंगाची प्रमाणे तीच ठेवून उंची आठव्या हिश्श्याने कमी केली तर वजन एक तृतीयांशाने उतरते. १६० सेंटिमीटरची बाहुली ३६ किलोची असेल तर १४० ची २४ किलोची होईल आणि १२० ची जेमतेम १५ किलोची. पण १२० सेंटिमीटर ही सहा-सात वर्षांच्या मुलीची उंची झाली. सोय म्हणून धरलेली वाट किती थोड्या पावलांत भलतीकडे जाते हे या तीन आकड्यांत दिसते. मुलासारख्या दिसणाऱ्या बाहुलीची आयात अश्लीलतेत मोडते, असा निर्णय इंग्लंडमधील कँटरबरी येथील न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तिथेही प्रश्न दिसण्याचाच होता, आणि तो तसा असणे योग्यच. उरलेले उपाय म्हणजे आत फोम भरायचा, हातपाय वगळून नुसते धड घ्यायचे, किंवा हवा भरायची. प्रत्येक उपायात देहातले काहीतरी वजा होते.

मी दिवेआगरला राहतो आणि गेली काही वर्षे मनुष्याकृती मूर्ती-मुखवट्यांची टिपणे करतो आहे. या विषयाकडे मी तिथूनच आलो. देवाची आणि या बाहुल्यांची तुलना मला करायची नाही, ती गैर होईल. मी फक्त आकृतीची बांधणी पाहतो आहे. माणसाच्या मापाची आकृती घरात आणायची तर वजनाचे काय, हा प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वी सोडवला आहे. ज्येष्ठा गौर उभी करतात तेव्हा वजन असते ते मुखवट्याला. खाली लोखंडी किंवा लाकडी तिवई, कुठे डब्यांची नाही तर मडक्यांची उतरंड, आणि त्यावर साडी. अंग म्हणजे साडीच्या निऱ्या. कोकणात कुठे तेरड्याची गौर असते, आणि चित्पावनांकडे खड्यांची. पाणवठ्यावरून आणलेली ती गौर मुलीच्या ओंजळीत मावते. सावंतवाडीची लाकडी खेळणीही पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची. आकृती हलकी ठेवायची आणि तिच्यात जीव भावनेने घालायचा, ही आपली रीत.

उलट टोकाला आमच्या गावचा रूपनारायण. शिलाहारकालीन, पाषाणाचा. तो जागचा हलत नाही, माणसे त्याच्याकडे जातात. आणि या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे सुवर्णगणेश. १९९७ च्या नोव्हेंबरात इथल्या एका वाडीत पेटीत सापडलेला तो सोन्याचा मुखवटा सव्वा किलोच्या वर होता. सोन्याच्या दृष्टीने फार, हातात घेऊन जायला काहीच नाही. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा वितळवला गेला. पोलिसांनी मिळवलेल्या सोन्यातून तो पुन्हा घडवून २०२१ मध्ये बसवला. पाषाणमूर्ती त्याच गावात तेव्हाही जागेवरच होती. जे एका माणसाला उचलता येते त्यावर एकट्याची मालकी चालते. जे येत नाही त्याला चार खांदे लागतात, म्हणजेच गाव लागते. पालखीचा अर्थ मला तरी असा लागतो. हा फरक मनात ठेवून मी पुढच्या कलाकृतींकडे वळतो.

ऑस्कर कोकोश्का या ऑस्ट्रियन चित्रकाराला आल्मा माहलर सोडून गेली. १९१८ मध्ये त्याने म्युनिकच्या हर्मिने मूस या कारागीर बाईंना आल्माच्या मापाची बाहुली करायला सांगितले. त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. सोबत रेखाटने, आणि कातडीखालची चरबी, स्नायू हाताला कसे लागले पाहिजेत याच्या बारीक सूचना. म्हणजे त्याला स्पर्श हवा होता, ऐवज हवा होता. १९१९ च्या सुरुवातीला बाहुली ड्रेस्डेनला आली ती पिसांच्या, केसाळ त्वचेची. त्याला ती अस्वलाच्या कातड्यासारखी वाटली. दोष मूसबाईंना देण्याची पद्धत आहे. मला तो मान्य नाही. कापड आणि पिसे यांतून मांसाचा भार निर्माण होत नाही. कोकोश्काने मग तिची चित्रे काढली, म्हणजे तिला पुन्हा पाहायची वस्तू केले, आणि शेवटी एका रात्रीच्या मेजवानीत बागेत तिचे डोके उडवले. सकाळी पोलीस आले, कारण बागेत प्रेत पडल्याची खबर गेली होती. त्या बाहुलीला देह म्हणून मान्यता मिळाली ती एवढ्यापुरतीच, आणि तीही लांबून पाहणाऱ्याकडून.

स्पॅनिश दिग्दर्शक बेर्लांगा याचा ‘तामान्यो नातुराल’ (१९७४) हा चित्रपट मिशेल पिकोलीच्या अभिनयासाठी पाहावा. पॅरिसमधला एक दंतवैद्य बाहुलीच्या नादाने बायको, व्यवसाय, सगळे सोडतो. शीर्षकाचा अर्थच ‘प्रत्यक्ष आकाराची’ असा आहे, आणि चित्रपटाची मेख तिथे आहे: आकार प्रत्यक्ष आहे, भार नाही. शेवटी तो तिच्यासह गाडी सीन नदीत घालतो. तो बुडतो, ती तरंगत वर येते. पुरुषी मालकीवरचे भाष्य म्हणून या शेवटाची तारीफ होते. मला त्यात आर्किमिडीज अधिक दिसतो. मरण्यासाठी लागते तेवढे वजन तिच्यात कधी नव्हतेच.

कोरेएदा हिरोकाझू याच्या ‘एअर डॉल’मध्ये (२००९) तर बाहुली हवेचीच आहे. ती जिवंत होते, व्हिडिओच्या दुकानात कामाला लागते, खिळा लागून फाटते, आणि ज्याच्यावर तिचा जीव आहे तो तरुण तोंडाने तिच्यात हवा भरतो. या प्रसंगाइतके कोवळे दृश्य या विषयावर मी दुसरे पाहिलेले नाही. तरीही चित्रपट मला अर्ध्यावर सोडून जातो. हवेच्या बाहुलीचे दुःख रिकामेपणाचे दुःख होते, आणि रिकामेपण सांगायला सोपे असते. कवीला तर फारच सोपे. शेवटी ती कचऱ्यात पडते तेव्हाही ती सुंदर दिसते. ३५ किलोची बाहुली कचऱ्यात अशी पडणार नाही. तिला तिथवर न्यायला दोघे लागतील आणि ते दोघे एकमेकांशी काहीतरी बोलतील.

मराठीत जवळचे उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३). विनोदी भयपट म्हणून तो आपण पुनःपुन्हा पाहतो आणि त्यावर लिहीत मात्र नाही. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू मांडीवर मावतो; बोलक्या बाहुलीला सतत कोणाचा तरी हात लागतो, पण तो हात कधी थकत नाही. आणि तात्या विंचूची तक्रार काय? त्याला बाहुल्याचा देह नको, लक्ष्याचा हवा. पूर्ण वजनाचा. बेर्लांगाला दोन तासांत जे सांगता आले नाही ते आपल्या पोरांना हसता हसता कळते.

या सगळ्यांत क्रेग गिलेस्पी याचा ‘लार्स अँड द रिअल गर्ल’ (२००७) मला वेगळा वाटतो. नॅन्सी ऑलिव्हर यांनी लिहिलेला हा चित्रपट गोड म्हणून, काहीसा भाबडा म्हणून बाजूला ठेवला जातो. उत्तर अमेरिकेतले थंड, लहान गाव. भावाच्या गॅरेजमध्ये एकटा राहणारा लार्स. तो बाहुली मागवतो, तिला बियांका म्हणतो आणि जेवायला घेऊन येतो. तिला चालता येत नाही म्हणून ती चाकांच्या खुर्चीत. ही खुर्ची पटकथेची सर्वांत शहाणी वस्तू आहे. तिच्यामुळे वेडेपणाचे रूपांतर अपंगत्वात होते, आणि अपंग माणसाशी कसे वागायचे हे गावाला आधीच माहीत असते. बियांका चर्चमध्ये जाते, डॉक्टरकडे जाते, तिला काम मिळते. जपानमध्ये आपल्या बाहुलीला खुर्चीत बसवून बागेत फिरवणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थाची छायाचित्रे २०१७ मध्ये जगभर छापून आली. तो प्रकार पाहताना मला या खुर्चीची आठवण झाली. फरक इतकाच की त्या छायाचित्रांत ढकलणारा एकच होता.

चित्रपटाच्या मध्यावर लार्स कुरकुरतो की कोणाला आपली पर्वा नाही. त्यावर त्याची वहिनी कॅरिन भडकते. तिचे म्हणणे असे, की बियांकाला लोक खुर्चीतून फिरवतात, कामावर सोडतात, न्हाऊ घालतात, उठवतात, निजवतात, उचलून नेतात. ती काही लहानखुरी नाही. हे सोपे नाही, आणि हे सगळे चालले आहे ते तुझ्यासाठी. मी पाहिलेल्या बाहुलीपटांत एवढ्या स्पष्टपणे वजन बोलून दाखवणारा दुसरा प्रसंग नाही. प्रेमाचा पुरावा इथे नजरेत नाही, कमरेच्या दुखण्यात आहे. गावाने लार्सचा भ्रम मान्य केला असे या चित्रपटाबद्दल म्हटले जाते, ते अपुरे आहे. भ्रम मान्य करायला नुसती मान डोलावली तरी पुरते. इथे लोकांनी त्याचा भार वाटून घेतला आहे.

म्हणूनच माझी एक तक्रार उरते. उचलणाऱ्या हातांत कॅरिनचे हात आहेत, आणि कॅरिन गरोदर आहे. दिग्दर्शकाने ते पोट आपल्याला दिसू दिले आहे, पण त्या एका उद्रेकापलीकडे त्याचा हिशेब मांडलेला नाही. शुश्रूषेचा मोठा वाटा बाईकडे जाणे चित्रपटाने गृहीत धरले आहे, जसे आपण घरोघरी धरतो. तरीही बियांकाच्या मरणाची वेळ पटकथेने कोणती निवडली ते पाहण्यासारखे आहे. लार्सला दुसरी मैत्रीण मिळू लागली म्हणून बियांका जाते असा सरळ अर्थ लावतात. तो बरोबर आहे. त्याच घरात लवकरच दुसरे कोणीतरी उचलून घ्यायचे आहे, हेही तितकेच खरे.