फिनिअस गेजची अर्धी गोष्ट

१८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, रेल्वेमार्गासाठी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सहा किलो वजनाची पहार फिनिअस गेजच्या गालातून शिरून कवटीबाहेर पडली. तो वाचला, पण डॉ. हार्लो यांच्या नोंदीनुसार पूर्वीचा जबाबदार गेज लहरी व शिवराळ झाला.

अंतोनिओ दामासिओ यांच्या ‘देकार्तस् एरर’ (१९९४) या पुस्तकाचा आरंभ याच घटनेने होतो. भावनांवाचून निर्णयशक्ती लंगडी पडते, हा विचार लेखकाने स्वतःच्या रुग्णांच्या आधारे उत्तम मांडला आहे. गेजच्या बाबतीत मात्र तराजू झुकतो. गेजने पुढे चिली देशात काही वर्षे प्रवासी घोडागाडी हाकली. घोडे, वाट, उतारू हे सारे सांभाळणारा माणूस कायमचा बेजबाबदार कसा? पुस्तकात या वर्षांचा उल्लेख ओझरताच येतो. हार्लो यांची मूळ नोंद किती त्रोटक होती आणि तिच्यावर पुढे किती रंग चढले, हे मॅल्कम मॅकमिलन यांनी २००० साली दाखवून दिले.

‘मेंदूला इजा झाली, स्वभाव गेला’ असे आपण फळ्यावर लिहितो, तेव्हा अपघातातून उठलेला एखादा विद्यार्थीही समोर बसलेला असू शकतो. त्याच्यासाठी तरी उरलेली अर्धी गोष्ट सांगायला हवी.