आम्ही परीक्षक होतो

सीवूड्स या नावात समुद्रही आहे आणि वनही आहे. प्रत्यक्षात राहायला आलं की स्टेशनाच्या डोक्यावर मॉल दिसतो आणि मॉलच्या पलीकडे इमारती. समुद्र म्हणजे खाडी आणि वन म्हणजे खारफुटी, हा उलगडा व्हायला आम्हाला दोन वर्षं लागली. एक गोष्ट मात्र पहिल्याच हिवाळ्यात समजली. इथे ज्याच्या गळ्यात कॅमेरा नाही, त्याच्याकडे लोक 'बिचारा' म्हणून पाहतात. याला कारण रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. थंडीत ते डीपीएस तलावावर आणि आसपासच्या पाणथळीत उतरतात, आणि त्यांच्यामागोमाग हातभर लांबीच्या लेन्सा उतरतात.

मी त्या बिचाऱ्यांपैकी एक. त्यामुळे महाराष्ट्र दिनाच्या छायाचित्र-स्पर्धेला परीक्षक व्हा, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी दचकलो.

"अहो, पण मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणून तर! ज्यांना कळतं त्या सगळ्यांनी फोटो दिलेत. उरलात तुम्ही."

एवढा निखळ निःपक्षपातीपणा माझ्या वाट्याला पूर्वी कधी आला नव्हता. मी होकार दिला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. कॅमेरा आला आणि पाठोपाठ समिती आली. आमचे सेक्रेटरी ती परंपराच पुढे चालवत होते.

संध्याकाळी फोटोंनी भरलेली पिशवी घरी आली. पाच ढीग करायचे होते: व्यक्तिचित्र, समारंभ, रस्त्यावरचं जीवन, बातमी आणि निसर्ग. मला वाटलं, भाजी निवडण्याइतकं सोपं काम आहे. माणूस दिसला की व्यक्तिचित्र, पक्षी दिसला की निसर्ग. पण पिशवीतून पहिलाच फोटो निघाला तो शालू नेसलेल्या नवरीचा. ती तळ्याकाठी उभी होती आणि मागे शंभरेक रोहित होते. आता ही समारंभात की निसर्गात? नवरीचा चेहरा पाहता बातमीतही चालली असती.

तासाभराने मी सतरंजीवर हताश बसलेला पाहून सौभाग्यवती कणकेच्या हातानेच बाहेर आल्या.

"फोटोत काय दिसतंय ते कशाला बघता? कुठे किती खोटं बोललेलं चालतं ते बघा. माझ्या पासपोर्टच्या फोटोत मला हसूसुद्धा दिलं नाही. आणि आपल्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्हाला केस आहेत."

वाचकहो, या विषयावर जाडजाड ग्रंथ निघाले असतील, पण इतका नेमका निकष मला कुठे सापडला नसता. लेन्स किंवा उजेड यांच्यावरून फोटोची जात ठरत नाही. ती ठरते करारावरून. हा करार काढणारा, निघणारा आणि बघणारा या तिघांमधला असतो, आणि खोटं कुठवर चालेल ते त्यात लिहिलेलं असतं.

पासपोर्टच्या फोटोत ही मुभा शून्य. पांढरी भिंत, मिटलेलं तोंड. तो फोटो सरकारने सरकारसाठी काढलेला असतो. दुसऱ्या टोकाला लग्नाचा अल्बम. तिथे खोटं हे आहेराइतकंच कर्तव्य आहे. पंगतीत बटाट्याची भाजी संपल्यावर काय झालं, हे कुठल्याही अल्बममध्ये नसतं.

व्यक्तिचित्र या दोघांच्या मधोमध बसतं. गौतम राजाध्यक्षांचं 'फेसेस' १९९७ साली आलं. त्यातली नटमंडळी घरी सकाळी चहा पिताना तशीच दिसत असतील, असं कोणीच समजत नाही. तरी आपली फसवणूक झाली असंही वाटत नाही. उजेड कुठून टाकायचा हे काढणाऱ्याने ठरवलंय, कसं बसायचं हे बसणाऱ्याला माहीत आहे, आणि ते दोघांनी ठरवलंय हे आपल्यालाही माहीत आहे. सगळा व्यवहार उघड.

रस्त्यावरच्या फोटोत मात्र बघणाऱ्याला खरं सांगायचं असतं आणि ज्याचा फोटो त्याला पत्ता लागू द्यायचा नसतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसाचं १९५२ सालचं पुस्तक इंग्रजीत 'निर्णायक क्षण' अशा भारदस्त नावाने गाजलं. मूळ फ्रेंच नावाचा रोख साधारण 'घाईघाईने, चोरून टिपलेली चित्रं' असा आहे. फ्रेंच लोक कबुलीजबाब लवकर देतात. आमच्या पिशवीतही असा एक निर्णायक क्षण होता. भाजीच्या गाडीपाशी एक पोट सुटलेला गृहस्थ कोथिंबिरीच्या जुडीवरून हातवारे करतोय. तो गृहस्थ मीच. फोटो तिसऱ्या मजल्यावरून टिपला होता. मी त्याला दोन गुण दिले. सौ.नी नऊ दिले आणि एक प्रत मागवून घेतली.

बातमीत करार सर्वांत कडक. चौकटीत जे होतं त्यात भर नाही, वजाबाकी नाही. स्टीव्ह मॅकरी हे जगप्रसिद्ध छायाचित्रकार. २०१६ साली त्यांच्या काही फोटोंतली माणसं-खांब पुसलेले उघडकीला आले. तेव्हा ते म्हणाले की आपण बातमीदार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत. फोटो तेच राहिले, प्रकार बदलला! तिकीट तपासनीस आल्यावर 'मी प्रवासी नाही, सोडायला आलोय' म्हणावं, तसं.

निसर्गाचा करार वेगळाच. तिथे प्राण्याला विचारायची सोय नाही, म्हणून नियम जास्त. २००९ सालच्या वन्यजीव छायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेत फाटकावरून झेपावणारा एक लांडगा पहिला आला. तो बहुधा माणसाळवलेला भाडोत्री लांडगा असावा असं परीक्षकांचं मत पडलं आणि पुढच्या वर्षी बक्षीस काढून घेतलं गेलं. इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी आणि 'फियाप' ही आंतरराष्ट्रीय संघटना यांनी निसर्गचित्राची एक सामाईक व्याख्या केली आहे. काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. कडा कातरलेल्या चालतील. माणसाच्या खुणा नकोत. पण घुबड धान्याच्या कोठारातच राहत असेल, तर कोठार चालेल.

या कातरण्यापाशी माझी गाडी अडली. एकाच मुलाने दोन फोटो दिले होते, एक्केचाळीस आणि बेचाळीस. एक्केचाळिसाव्यात निळं पाणी, गुलाबी रोहित, नाव 'गुलाबी स्वर्ग', विभाग निसर्ग. बेचाळिसाव्यात तोच क्षण, तेच पक्षी, पण कडा न कातरलेल्या. खाली भेगाळलेला चिखल, डावीकडे प्लॅस्टिक, मागे टॉवर. विभाग बातमी.

"बेचाळीस बाद करा," सेक्रेटरी म्हणाले. "फ्लॅटचे भाव पडतील."

मला २०२४ सालचा उन्हाळा आठवला. त्या वर्षी तळं आटलं. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्याची तक्रार झाली, आणि इथे रोहित जखमी झालेले, मेलेले सापडले. २०२५ साली तळं संवर्धन राखीव करायचं राज्य सरकारने ठरवलं. ते सुंदर फोटोंमुळे ठरलं की कुरूप फोटोंमुळे, हे मी सांगू शकत नाही. पण मेलेल्या पक्ष्याची बातमी कातरलेल्या फोटोतून कोणाला कळली नसती, एवढं नक्की.

शिवाय तो गुलाबी रंग पक्ष्याचा स्वतःचा नसतोच. पिल्लं करडी असतात. खाडीतल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून तो रंग पिसांत उतरतो. म्हणजे ज्या चिखलाला एक्केचाळिसाव्याने कात्री लावली, त्या चिखलातूनच त्याचा गुलाबी आलेला! कातरणं नियमात बसतं हे मान्य. पण कातरून वर 'स्वर्ग' म्हणणं हे लग्नाच्या अल्बमातलं खोटं झालं, आणि ते निसर्गाच्या विभागात आलं होतं.

मी बेचाळीस उचलला आणि निसर्गाच्या ढिगात टाकला. पहिला क्रमांक. सेक्रेटरी उसळले, "यात टॉवर आहेत!"

"घुबडाला कोठार, तसे आपल्या रोहितांना टॉवर," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदाच मी नियम दाखवून समितीला गप्प केलं.

बक्षीस त्या मुलालाच मिळालं. मात्र तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी समितीने फ्रेम करून लावला तो एक्केचाळीस. बेचाळीस तिथे 'बरा दिसत नाही' म्हणे. रोज लिफ्टची वाट बघताना मी त्या स्वर्गाच्या खालच्या कडेकडे बघतो आणि तिथला चिखल मनातल्या मनात जोडून घेतो.

समारंभानंतर विजेते आणि परीक्षक यांचा एकत्र फोटो निघाला. काढणारा म्हणाला, "काका, पोट जरा आत घ्या."

मी घेतलं. विभाग समारंभ होता. तिथे तेवढी मुभा आहे.