पाट, चौरंग, तिवई : नाव आणि परीक्षणाचा निकष

लाकडी बैठकांच्या कारागिरीचा विचार करताना परीक्षकाची दृष्टी प्रथम रंगाकडे व कोरीवकामाकडे जाते. सावंतवाडीचे लाखकामाचे पाट व चौरंग या दृष्टीस सहज मानवतात. नांदेड-लातूरकडील गावसुताराचा साधा पाट मात्र 'कला' न ठरता 'सामान' ठरतो. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, हे या वस्तूंच्या नावांवरून तपासता येते.

'पाट' हा शब्द संस्कृत 'पट्ट' यापासून आला. अर्थ, सपाट फळी. तेलुगूत याच वस्तूस 'पीट' म्हणतात. त्याचे मूळ 'पीठ', म्हणजे आसन. कन्नडमधील 'मणे' या दोहोंहून निराळा. देगलूर-उदगीरच्या सीमाभागात या भाषांचा शेजार आहे. वस्तू एकच, परंतु तेलुगू नावाने बसणे टिपले, मराठी नावाने फळी टिपली. आणि पाटाचे कसब फळीतच आहे. तिच्याखाली आडव्या बसविलेल्या दोन पट्ट्या तिला वाकू देत नाहीत व जमिनीपासून उचलूनही धरतात. एका अवयवाकडून दोन कामे करून घेणे, हा या घडणीचा विशेष होय.

'चौरंग' या नावात 'रंग' शोधणे ही निव्वळ लोकव्युत्पत्ती होय. मूळ शब्द 'चतुरंग'; चार अंगांचा तो चौरंग. हातपाय तोडण्याच्या शिक्षेस 'चौरंग करणे' म्हणत, त्यातही हीच चार अंगे अभिप्रेत आहेत. तिवईचे तीन पायही अलंकारासाठी नाहीत. सारवलेल्या, उंचसखल जमिनीवर तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही.

अर्थात नाव कारागिरीची प्रत सांगत नाही. कोठे पाहावे एवढेच सांगते. शिवाय ही साक्ष कायमची नसते. 'तिपाई' इंग्रजीत जाऊन 'टीपॉय' या रूपाने परतली, तेव्हा ती चार पायांवर उभी होती आणि कोणी पाय मोजले नाहीत. नाव घडणीपासून सुटले की ते केवळ खूण उरते.

म्हणून अलंकरण हा एकमेव निकष मानणारे परीक्षण मराठवाड्यातील या वस्तूंना अपुरे पडते. संग्रह करणाऱ्यांनीही तोच निकष धरल्यास साधा पाट नोंदीविनाच नाहीसा होईल. संग्रहालयात पाट ठेवावयाचा झाल्यास तो एकदा पालथा ठेवून दाखवावा. सुताराचे काम खालच्या बाजूस आहे.