साठ मिनिटांचा राजपुत्र : मूळ खेळ आणि त्याच्या नव्या आवृत्त्या

जुन्या कलाकृतीची नवी आवृत्ती निघते तेव्हा समीक्षकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. नव्या आवृत्तीने काय मिळवले, हा पहिला. आणि ते मिळवताना काय गमावले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रकाशकाची जाहिरातच देऊन टाकते. दुसऱ्याचे उत्तर आस्वादकाला स्वतः शोधावे लागते. पाच अंकी संगीत नाटक तीन तासांत बसवताना कोणती पदे गळली, याची चर्चा आपण मराठी माणसे हौसेने करतो. व्हिडिओ गेमच्या वाट्याला मात्र असा विचार सहसा येत नाही. मुलांचा वेळ खाणारा उद्योग, एवढीच त्याची ओळख आपल्या घरांत असते. परंतु ज्या वस्तूशी मुले तासन् तास एकरूप होतात, तिच्याकडे पालकांनी निदान एकदा तरी डोळसपणे पाहावे, असे मला वाटते. त्यासाठी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येथे विचारार्थ घेतल्या आहेत.

हा खेळ १९८९ साली अमेरिकेत 'ॲपल टू' या संगणकासाठी ब्रॉडरबंड या संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचा कर्ता जॉर्डन मेक्नर. पुढच्याच वर्षी 'डॉस' प्रणालीसाठी आवृत्ती निघाली आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडील संगणक वर्गांतून व कचेऱ्यांतून तीच फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकलून पसरली. पहिली पातळी ओलांडल्यावर अनेक पात्रांतून एक औषध निवडण्याचा प्रसंग त्या वेळच्या खेळाडूंना आठवत असेल. योग्य पात्र कोणते, हे खेळासोबतच्या छापील पुस्तिकेवरून कळत असे. नकललेल्या प्रतीला पुस्तिका कुठली? म्हणून कित्येकांचा राजपुत्र तेथेच विष पिऊन कोसळे.

कथानक अगदी साधे आहे. सुलतान युद्धावर गेला आहे. वजीर जाफर राजकन्येला एका तासाची मुदत देतो : लग्न किंवा मृत्यू. तिचा प्रियकर तळघरात कैद आहे. त्याने साठ मिनिटांत बारा पातळ्या चढून तिच्यापर्यंत पोहोचायचे. येथे कथेतला काळ आणि खेळणाऱ्याच्या घड्याळातला काळ एकच आहे, आणि ही एकात्मता हे या कृतीचे पहिले सामर्थ्य होय. राजपुत्र मेला तर त्याला पातळीच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. चुकीला क्षमा आहे, वेळेला नाही. एवढे एकच बंधन खेळणाऱ्याला विचार करायला लावते.

दुसरे सामर्थ्य हालचालींचे. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले व त्या चित्रफितीवरून एकेक स्थिती रेखाटून राजपुत्र घडवला. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूडवरील चित्रपटातील एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वाचा आधार घेतला. संगीत मेक्नरच्या वडिलांनी दिले. परिणाम असा झाला की या राजपुत्राला वजन आहे. तो धावू लागला की एकदम थांबत नाही, दोन पावले घसरतो. उडी घेतली की ती मध्येच मागे घेता येत नाही. लोंबकळलेल्या हातांवर शरीर वर ओढताना त्याला पडणारे श्रम आपल्याला जाणवतात. इतर खेळांतील नायक रबरी चेंडूसारखे उसळत असताना हा माणसासारखा पडत होता.

तिसरा आणि सर्वांत अर्थपूर्ण भाग म्हणजे छायापुरुष. चौथ्या पातळीवर राजपुत्राच्या वाटेत एक आरसा उभा राहतो. धावत येऊन त्यातून उडी मारली की त्याचीच सावली दुसऱ्या बाजूने निघून जाते. पुढे ती त्याच्यासाठीचे औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दरवाजा बंद करते. बाराव्या पातळीवर दोघे समोरासमोर येतात. सावलीवर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो. तिला मारले तर तोही मरतो. सुटका एकच : तलवार म्यान करायची. मग ती दोघे पुन्हा एक होतात आणि पुढच्या पोकळीत, जिथे काहीच दिसत नाही तिथे, पाऊल टाकताच जमीन प्रकटते. अकरा पातळ्या तलवार चालवायला शिकवून बाराव्या पातळीवर ती ठेवून द्यायला सांगणारा हा खेळ आहे. त्यातील हाणामारीविषयी साशंक असणाऱ्या पालकांनी हा शेवट अवश्य लक्षात घ्यावा.

या छायापुरुषाचा जन्म मात्र टंचाईतून झाला आहे. संगणकाच्या स्मृतीत दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याची चित्रे मावेनात, तेव्हा मेक्नरने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्याच आकृतीवर बसवली आणि गणिती क्रियेने एक धूसर, चमकती आकृती मिळवली. म्हणजे मूळ खेळात राजपुत्र आणि त्याची सावली अक्षरशः एकाच रेषांनी बनलेली आहेत. आशय आणि रूप यांचा याहून घट्ट सांधा क्वचितच आढळेल.

आता आवृत्त्यांकडे वळू. १९९२ साली जपानमध्ये 'सुपर फॅमिकॉम' यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीने पातळ्या वीस केल्या आणि मुदत एकशे वीस मिनिटांची. चित्रे अधिक रंगीत झाली, नवे सापळे व नवे शत्रू आले. खेळ म्हणून ती आवृत्ती सरस कारागिरीची आहे. परंतु एका तासाचा जो ताण मूळ कृतीला एका बैठकीत बांधून ठेवत होता, तो दोन तासांत सैलावला. कथा लांबवली की ती मोठी होतेच असे नाही.

२००७ साली आलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक'ने उलटा मार्ग धरला. पातळ्यांची रचना बहुतांशी जुनीच ठेवली आणि चित्रे मात्र त्रिमितीय केली. हालचाली अधिक सफाईदार झाल्या, खेळण्याचे काही नवे प्रकार जोडले गेले. नव्या खेळाडूसाठी हे दार निश्चितच सोपे आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. तरीही तुलना केल्यावर एक उणीव जाणवते. मूळ तळघरातला काळोख रिकामा होता. चार विटा सुचवून बाकी भिंत तो आपल्या कल्पनेवर सोपवत होता. नव्या आवृत्तीत भिंत पूर्ण दिसते, त्यामुळे कल्पनेला काम उरत नाही. राजपुत्र चपळ झाला, पण त्याचे वजन घटले. आणि वजन घटले की दरीच्या काठावरची धास्तीही घटते. छायापुरुषाची भूमिका कायम आहे, परंतु साधने मुबलक असताना तो गरजेतून जन्मलेला राहत नाही; अनेक चमत्कृतींपैकी एक ठरतो.

२००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मेक्नरचा स्वतःचा सहभाग होता, आणि नायकाच्या हाती काळ मागे फिरवणारा खंजीर दिलेला होता. मूळ खेळात न परतणारा काळ येथे परततो. ही जुन्या खेळाची नक्कल नसून त्याला दिलेले उत्तर आहे, म्हणून ती स्वतंत्र कृती म्हणून टिकते. याच खेळाची नवी आवृत्ती २०२० साली जाहीर झाली, तेव्हा ते काम युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील केंद्रांकडे होते, याचा आपल्याला साहजिकच अभिमान वाटला. जाहिरातीतील दृश्ये जुनाट वाटतात, अशी टीका तेव्हाच झाली; जानेवारी २०२१ ची ठरलेली तारीख टळली आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवण्यात आले. लोकांच्या आठवणीत जे वाढले आहे त्याच्याशी बरोबरी करणे किती अवघड असते, हे यावरून दिसते.

मग मूळ कृती जशीच्या तशी पाहायची कशी? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. डॉस आवृत्तीचे चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे, पण ते चारास तीन प्रमाणाच्या काचेच्या पडद्यासाठी आखलेले होते. आजच्या रुंद पडद्यावर ते ताणले की राजपुत्र बुटका आणि जाडा दिसतो, आणि चूक खेळाच्या माथी मारली जाते. मूळ आज्ञावलीही दीर्घकाळ हरवलेलीच मानली जात होती. २०१२ साली मेक्नरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा एक खोका सापडला, जाणकारांच्या मदतीने त्यांतील मजकूर वाचून काढण्यात आला आणि मेक्नरने तो सर्वांसाठी खुला केला. एका खोक्यावर सारे अवलंबून होते! तो फेकला गेला असता तर कर्त्याच्या हातची ती लिखावट कायमची गेली असती. ग्रंथांच्या बाबतीत पाठचिकित्सा करणाऱ्याला मूळ हस्तलिखिताचे मोल ठाऊक असते. येथेही न्याय तोच.

तात्पर्य, नवी आवृत्ती काढू नये असे नाही. ती निघावी, तिच्यामुळेच जुन्याकडे नवी पावले वळतात. मात्र तिने तीन पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. मूळ कृती तिच्यासोबत, योग्य प्रमाणात, उपलब्ध ठेवावी. जी अडचण अर्थ घडवते ती गैरसोय समजून काढून टाकू नये. आणि बदल करायचाच तर तो उघडपणे, नव्या विचारासाठी करावा; केवळ झिलईसाठी नव्हे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे जुने खेळ अजून चालत असतील, तर त्यांनी मुलांना आधी मूळ खेळ द्यावा आणि मग नवा. दोन्हींत फरक काय, असे त्यांना विचारावे. बाराव्या पातळीचे गुपित मात्र सांगू नये. तलवार म्यान करण्याची युक्ती ज्याची त्याने शोधलेलीच बरी.