प्रश्न कोणाचा? ‘क्वेश्चन ब्रिज’ या संवादपटाविषयी



एखाद्या समाजाची ओळख करून घ्यायची म्हटली की आपण त्याला प्रश्न विचारतो. विचारणारा बहुधा बाहेरचा असतो. जनगणनेचा प्रगणक म्हणा, पत्रकार म्हणा, माहितीपट करणारा म्हणा. उत्तर आतल्या माणसाचं असतं, पण कशाचं उत्तर द्यायचं हे आधीच ठरून गेलेलं असतं. आज आपण ज्या कृतीचा विचार करणार आहोत, तिने नेमका हा क्रम मोडायचा प्रयत्न केला. ‘क्वेश्चन ब्रिज: ब्लॅक मेल्स’ असं तिचं नाव.

थोडी माहिती आधी. ख्रिस जॉन्सन हे कॅलिफोर्नियातले छायाचित्रकार आणि कलाशिक्षक. १९९६ साली त्यांनी सॅन डिएगोत आफ्रिकन-अमेरिकन समाजातल्याच वेगवेगळ्या वर्गांच्या आणि पिढ्यांच्या लोकांना कॅमेऱ्यामार्फत बोलतं केलं. पुढे हँक विलिस टॉमस, बायेटे रॉस स्मिथ आणि कमाल सिंक्लेअर यांच्यासोबत हीच कल्पना त्यांनी फक्त कृष्णवर्णीय पुरुषांपुरती घेऊन मोठी केली. अमेरिकेतल्या अनेक शहरांत फिरून १५० हून अधिक पुरुषांचं चित्रण झालं. २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात आणि ब्रुकलिन म्युझियमसारख्या संग्रहालयांत ती पाच पडद्यांच्या मांडणीत दाखवली गेली. नंतर संकेतस्थळ आलं, तिथे कृष्णवर्णीय पुरुषांना आपले प्रश्न आणि उत्तरं घालायची सोय होती.

पद्धत बघा किती साधी आहे. एक माणूस कॅमेऱ्यात पाहून प्रश्न विचारतो. आपल्यापासून जो दुरावलाय असं त्याला वाटतं, अशा दुसऱ्या कृष्णवर्णीय पुरुषासाठी तो प्रश्न असतो. दुसऱ्या गावातला कोणी तो पाहतो आणि तसाच कॅमेऱ्यात पाहून उत्तर देतो. दोघांची भेट कधीच होत नाही. मुलाखत घेणारा दिसत नाही, निवेदक नाही, तज्ज्ञ नाही. संकलनात हे तुकडे असे शेजारी येतात की ही माणसं एकमेकांकडे पाहून बोलताहेत असं वाटावं. प्रेक्षक मधोमध. पण त्याला कोणी विचारत नाही, तो फक्त ऐकतो.

यात विशेष काय, असं कोणी म्हणेल. त्यासाठी १९०३ सालाकडे जावं लागेल. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’च्या सुरुवातीलाच म्हणून ठेवलंय की गोऱ्या जगाच्या मनात त्यांच्याविषयी एक न उच्चारलेला प्रश्न कायम असतो: स्वतःच एक समस्या असणं कसं वाटतं? स्वतःला सतत दुसऱ्याच्या नजरेतून पाहावं लागणं, या दुभंगाला त्यांनी दुहेरी जाणीव म्हटलं. ‘क्वेश्चन ब्रिज’मध्ये प्रश्न विचारण्याचा अधिकारच जागा बदलतो. शंभर वर्षं ज्यांच्याविषयी विचारलं गेलं, तेच विचारू लागतात, आणि तेही आपसांत.

मग कसले प्रश्न येतात? एक जण विचारतो, गोऱ्या लोकांसमोर चिकन, कलिंगड, केळी खाताना फक्त मलाच अवघड वाटतं का? हसू येतं. पण वर्णद्वेषी व्यंगचित्रांनी याच पदार्थांचा वर्षानुवर्षं टिंगलीसाठी वापर केला, हे लक्षात आलं की हसू थांबतं. दुहेरी जाणीव ताटापर्यंत कशी पोचते, हे या एका प्रश्नात जितकं कळतं तितकं आमच्या पिढीच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात क्वचितच कळलं असेल. दुसरा, तरुण, नागरी हक्कांच्या लढ्यातल्या वडीलधाऱ्या पिढीला विचारतो की तुम्ही आमच्यासाठी पुढचा आराखडा का ठेवला नाहीत? हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचलाच नसता. आणि सुचला असता तरी त्याच्या तोंडी तो उर्मट वाटला असता. तक्रार करायलासुद्धा नातं लागतं.

एक प्रश्न असाही आहे की आपल्या सगळ्यांत समान काय? उत्तरं जुळत नाहीत. आमच्या मते या कृतीचं खरं यश तेच. ओळख हा सर्वांत सारखाच असणारा एखादा गुणधर्म असेल, तर इथे ती सापडत नाही. पण ज्यावर एकत्र भांडता येतं अशा प्रश्नांमध्ये ती असेल, तर इथे ती भरपूर आहे.

आता आमचे आक्षेप. पहिला असा की याला संवाद म्हणायचं का? बृहदारण्यकातली गार्गी एका उत्तरावर थांबत नाही. प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न काढते, गप्प केल्यावरही पुन्हा उठते. इथे पूरक प्रश्नाला वाव नाही. उत्तर पोकळ असलं तरी विचारणारा ‘थांबा, हे पटलं नाही’ असं म्हणू शकत नाही. कोणाचं उत्तर कोणाशेजारी लावायचं हे संकलक ठरवतो. म्हणजे मुलाखतकार खुर्चीतून उठला खरा, पण संकलनाच्या टेबलाशी जाऊन बसला. अर्थात हेही मान्य करू की हा दुरावाच बोलण्याला मोकळीक देतो. समोरासमोर तो तरुण वडीलधाऱ्यांना आराखड्याचं विचारू धजला असता का? मोकळेपणाची ही किंमत आहे, आणि ती द्यावी लागते हे सांगितलं पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर वाटतो. ‘कृष्णवर्णीय पुरुष’ ही चौकट किती अपुरी आहे, हेच ही कृती दाखवते. पण तिच्यात बोलायला प्रवेश मात्र त्याच चौकटीतून मिळतो. या पुरुषांच्या आया, बहिणी, सहचारिणी यांचे प्रश्न कुठे गेले? आतल्यांनीच आतल्यांना विचारायचं हे एकदा ठरलं, की आत कोण हेही कोणीतरी ठरवतोच.

हे आपल्यालाही परकं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. दलित आत्मकथनांनी स्वतःविषयी कोण बोलणार हे बदलून टाकलं. पुढे दलित स्त्रियांनी लिहायला घेतलं, तेव्हा त्या ‘स्वतः’मध्ये आपण कुठे, हा प्रश्न त्यांनी त्याच घरात विचारला. ‘क्वेश्चन ब्रिज’ला हा पूरक प्रश्न अजून विचारायचा आहे.

तरीही ही कृती पाहावी असंच आम्ही म्हणू. पाहताना एक पथ्य पाळावं: उत्तर आवडलं की लगेच मान डोलवू नये. त्या माणसाला हा प्रश्न विचारायला इतका काळ का थांबावं लागलं, ते आधी स्वतःशी विचारावं. आज इथेच थांबू या.